योनीमार्ग ‘स्वच्छ’ करण्याचा बाजार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

योनीमार्गाच्या आरोग्याविषयी मोबाइलवर जो मजकूर फिरतो, त्यातील बऱ्याचशा भागाच्या मुळाशी एकच समजूत असते: हा अवयव मुळातच अस्वच्छ आहे आणि तो काहीतरी वापरून आतून धुतला पाहिजे. सुगंधी द्रावणे, वाफ, तुरटीचे पाणी, लसणाची पाकळी हे सारे उपाय त्याच समजुतीवर विकले किंवा सुचवले जातात. वस्तुस्थिती उलट आहे. पाळी सुरू असण्याच्या वयात निरोगी योनीमार्गात प्रामुख्याने लॅक्टोबॅसिलस जिवाणू राहतात. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात, त्यामुळे तेथील सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र) साधारण ३.८ ते ४.५ राहतो आणि अपायकारक जंतूंना वाढण्यास वाव मिळत नाही. आतून धुण्याने ही व्यवस्थाच विस्कटते. असे धुणाऱ्या स्त्रियांमध्ये बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे तेथील जिवाणूंचा तोल बिघडून होणारा विकार, अधिक आढळतो. बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुणे पुरेसे असते. आम्ल चांगले म्हणून लिंबू लावणाऱ्यांनी लिंबाचा सामू २ च्या आसपास असतो आणि त्याने नाजूक त्वचेची आग होते, हे लक्षात घ्यावे. दही जरूर खावे, परंतु विरजणातले जिवाणू वेगळ्या जातींचे असल्याने ते आत लावून संसर्ग बरा होईल असे मानण्यास आधार नाही.

अंगावरून पांढरे जाण्याबद्दलची भीती याहून जुनी आहे. त्यातून ताकद जाते, हाडे झिजतात, असे आजही सांगितले जाते. प्रत्यक्षात पाळीच्या चक्रानुसार आणि गर्भारपणात स्राव कमी-अधिक होणे स्वाभाविक आहे. दह्याच्या चोथ्यासारखा स्राव व खाज असल्यास बहुधा बुरशीचा संसर्ग असतो. पातळ, करडा, मासळीसारखा वास येणारा स्राव बॅक्टेरियल व्हजायनोसिसचा, तर पिवळट-हिरवा, फेसाळ स्राव ट्रायकोमोनास या लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या परजीवीच्या संसर्गाचा असू शकतो. या तिन्हींची औषधे सारखी नाहीत, शिवाय ट्रायकोमोनासमध्ये पतीलाही उपचार घ्यावे लागतात. त्यामुळे औषधाच्या दुकानातून एकच मलम आणून सगळ्यावर लावणे व्यर्थ ठरते. बुरशी वारंवार होत असेल तर रक्तातील साखर तपासावी, आणि पाळी गेल्यानंतर रक्त दिसल्यास घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नये.

आपल्या राज्यात या अज्ञानाची किंमत मोजली गेली आहे. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आढळले, मात्र त्याआधी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. पुढे २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या प्रश्नावर राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीतील ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. उचल (आगाऊ घेतलेली मजुरी), खाडे (कामावरची गैरहजेरी), पाळीतले कष्ट अशी त्यामागची कारणे अनेक होती. पण पांढरे जाते म्हणजे ‘पिशवी खराब झाली, पुढे कॅन्सर होईल’ या धाकाने शस्त्रक्रियेला तयार झाल्याचे अनेकींनी सांगितले होते. तेव्हा तो धाक दवाखान्यात घातला जात होता, आता तो चित्रफितीतून थेट घरात पोचतो, एवढाच फरक मला दिसतो.

जिल्हा रुग्णालयांतील सुरक्षा क्लिनिकमध्ये या संसर्गांची तपासणी व औषधे मोफत मिळतात. नावातून काहीच बोध होत नसल्याने पुष्कळ स्त्रियांना ते ठाऊक नसते. आपल्या आरोग्य पुरवणीत या केंद्रांचे पत्ते व वेळा जिल्हावार छापाव्यात आणि ‘अंतरंग स्वच्छते’च्या द्रावणांची जाहिरात स्वीकारताना त्यातील दावे एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडून तपासून घ्यावेत, अशी विनंती आहे.

आपली,
एक वाचक, सातारा