तक्रार : '--रिट' न समजल्यावर '३०' नावाची फाइल शोधायला लावणारा बॅकअप प्रोग्रॅम

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : कमांड लाइनवर ऑप्शन संक्षिप्त लिहिल्यास येणारे दिशाभूल करणारे एरर मेसेज

महोदय,

आपला बॅकअप प्रोग्रॅम मी तीन वर्षांपासून वापरते आहे. आमच्या सर्व्हरवर तो रोज रात्री २ वाजता क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं आपोआप सुरू करणारी सोय) एका स्क्रिप्टमार्फत चालतो. त्या स्क्रिप्टमध्ये '--रिट ३०' असं लिहिलेलं होतं. पूर्ण ऑप्शन '--रिटेन्शन'. जुने बॅकअप ३० दिवस ठेवा, एवढाच त्याचा अर्थ. लांब ऑप्शन अर्धवट लिहिला तरी चालतो, फक्त तो दुसऱ्या ऑप्शनशी जुळता कामा नये, असं आपल्याच मॅन्युअलमध्ये आहे. खालच्या उदाहरणातही '--रिट'च दिलं आहे. त्यामुळे हा माझा आगाऊपणा नव्हे.

गेल्या महिन्यात आम्ही नवी आवृत्ती टाकली. तिच्यात '--रिट्राय' हा ऑप्शन आला आणि '--रिट' दोघांशी जुळायला लागलं. इथवर माझी काहीच तक्रार नाही. नवे ऑप्शन येणारच, आणि दोन अर्थ निघत असतील तर प्रोग्रॅमने मनाने एक निवडू नये हेही मला मान्य आहे. पण आपल्या प्रोग्रॅमने लॉगमध्ये लिहिलं ते असं :

'एरर : ३० : अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही'

चोर सोडून संन्याशाला फाशी! '--रिट' नीट ओळखता आलं नाही म्हणून ते गुपचूप बाजूला टाकलं आणि मागे उरलेल्या ३० ला फाइलचं नाव समजून प्रोग्रॅम ती शोधत बसला. मीही बसले. डिस्कची जोडणी पाहिली, परवानग्या पाहिल्या, कुणी पाथ बदलला का ते सहकाऱ्यांना विचारलं. दुपार गेली. ३० हा फाइल नसून दिवसांचा आकडा आहे हे डोळ्यांसमोर असूनही दिसेना, कारण मेसेज इतक्या ठामपणे फाइलबद्दल बोलत होता.

आणि हा मेसेज माझ्या नजरेस पडला तोच मुळी अकरा रात्रींनंतर. एवढी चूक होऊनही प्रोग्रॅमचा एक्झिट कोड, म्हणजे संपताना तो कळवतो तो आकडा, ० येत होता. ० म्हणजे सगळं सुरळीत, हा संकेत टर्मिनलवर काम करणाऱ्या कुणालाही ठाऊक असतो, आणि आमची देखरेख यंत्रणा त्याच भरवशावर चालते. एका सहकाऱ्याने चुकून खोडलेली फाइल परत मागितली नसती तर बारावी रात्रही तशीच गेली असती. ती फाइल शेवटी त्याच्या मेलमध्ये सापडली, हे आमचं नशीब.

मग मी आपला प्रोग्रॅम जरा मुद्दाम खोदून पाहिला. '-व्हर्बोज' असं एकाच डॅशने लिहिलं की 'ई हा ऑप्शन अवैध' एवढंच उत्तर येतं. एका डॅशपुढची अक्षरं सुटी वाचली जातात, म्हणून व्ही चाललं आणि ई अडलं, हे मला कळतं. नवख्या माणसाने मात्र 'मी ई कुठे लिहिलं?' म्हणत डोकं धरावं. एक डॅश कमी पडला का, असं विचारायला काय हरकत आहे? दुसरं, '--कॉम्प' लिहून पुढची किंमत विसरले तर मेसेजमध्ये '--कॉम्प्रेशन-लेव्हल' हे पूर्ण नाव येतं. ते स्क्रिप्टमध्ये शोधलं तर सापडत नाही, कारण तिथे ते नाहीच.

आपल्या तंत्रज्ञांनी माझ्या तिकिटावर, म्हणजे आपल्याकडे नोंदवलेल्या तक्रारीवर, 'कृपया पूर्ण ऑप्शन वापरा' असं एका ओळीचं उत्तर देऊन ते बंद केलं. पूर्ण ऑप्शन मी त्याच दिवशी लिहिला, त्यासाठी तिकीट काढलं नव्हतं. मुद्दा मेसेजचा आहे, आणि तो सोडवायला फार मोठं संशोधन लागत नाही. ग्नूच्या गेटऑप्ट-लाँगवर (ऑप्शन वाचणारं तयार फंक्शन) चालणारे साधे प्रोग्रॅमसुद्धा अशा वेळी ऑप्शन संदिग्ध असल्याचं सांगून जुळणाऱ्या पर्यायांची नावं देतात. पायथन भाषेतलं त्याच कामाचं आर्गपार्सही तेच करतं आणि एक्झिट कोड २ देऊन थांबतं. शिवाय संक्षेप नकोच असतील तर ते बंद करायची सोय त्यात ३.५ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून आहे.

तेव्हा माझी मागणी अशी. ऑप्शन संदिग्ध असेल तर मी जे टाइप केलं तेच मेसेजमध्ये दाखवा, ते कशाकशाशी जुळतं ते सांगा, आणि काम तिथेच थांबवून शून्याखेरीज एक्झिट कोड द्या. यातलं एक्झिट कोडचं काम पुढच्या आवृत्तीची वाट न पाहता व्हावं. स्क्रिप्टसाठी संक्षेप बंद करता येतील अशी सेटिंग ठेवा. नव्या ऑप्शनमुळे एखादा जुना संक्षेप मोडणार असेल तर तसं रिलीज नोट्समध्ये लिहा. या वेळी तिथे '--रिट्राय'चं कौतुक तीन ओळी आहे आणि '--रिट'बद्दल चकार शब्द नाही. मॅन्युअलमधलं ते उदाहरणही आजच्या आवृत्तीत चालत नाही, तेवढं तरी लगेच काढा.

बंद केलेलं तिकीट पुन्हा उघडून त्यावर लेखी उत्तर द्यावं, ही विनंती.

आपली,
एक ग्राहक

सोबत : अकरा रात्रींचा लॉग, स्क्रिप्टची जुनी व नवी प्रत