बाळूस, वहिनींच्या मार्फत

पुणे, रविवार

प्रिय बाळू,

हो, बाळूच लिहिलंय. ते दुसरं नाव इथून पुढं माझ्या तोंडून येणार नाही. का, ते पुढं कळेल. हे पत्र वहिनी तुला वाचून दाखवणार हे मी धरून चाललोय. वहिनी, मध्ये मध्ये तुमच्यासाठी पण ओळी आहेत, त्या गाळू नका. शिव्या आल्या तर गाळा.

दिवाळीपासून मी फोन केला नाही. तू दोनदा केलास, तो उचलला नाही. बँकेत ऑडिट होतं हे खरं, पण ऑडिट काय तीन महिने चालत नाही. माझी शुगर आहे तेवढीच आहे, आईचा गुडघाही आहे तसाच. ते सोड, सईचं सांगायचंय.

ती आता तिसरीत. पहिली-दुसरीत आम्ही सगळ्यांना सांगत फिरायचो की पोरगी मराठीचं पुस्तक घडाघडा वाचते. एका रात्री मी सहज तिच्या बोटाकडं बघितलं. तोंड परिच्छेद संपवून खाली पोचलेलं, बोट अजून वरच्या चित्रावर. पान संपलं तरी ती बोलतच होती, मग आठवण झाल्यासारखं तिनं पान उलटलं. मीनल रोज रात्री धडा वाचून दाखवायची, हिनं ऐकून पाठ केला होता. तुला हसू आलं असणार. कॅनॉलच्या रस्त्यानं शाळेत जाताना मी धडा म्हणायचो, आणि तू एकदा ऐकलास की गुरुजींपुढं तसाच्या तसा. फक्त पुस्तक कधी कधी उलटं धरलेलं असायचं. मला वाटायचं तू आळशी आहेस. इतकी वर्षं मला तसंच वाटत होतं रे.

मग मी मधलेच शब्द बोटानं झाकून विचारायला लागलो. 'घर'चं 'धर'. 'भात'चं 'मात'. जोडाक्षर आलं की गप्प, आणि रफार म्हणजे तिच्या लेखी अक्षरावर बसलेली माशी. मला तेव्हाच समजायला हवं होतं. मी काय केलं? रोज दहा शब्दांचं शुद्धलेखन चालू केलं, आणि एका मंगळवारी आठव्या शब्दाला हात उचलला. मीनल माझ्याशी चार दिवस बोलली नाही. आई मात्र बोलली, 'तुझ्या बापानं तुला कधी बोट लावलं नाही.' जे साफ खोटं आहे, तू साक्षीला होतास.

आता खरं ते. वर्गात बाईंनी सईला उभं करून वाचायला लावलं. खारीचा धडा. फळ्यावर बाई 'ख' सुटा सुटा लिहितात, त्यामुळं पोरगी म्हणाली, 'रवार'. अख्खा वर्ग हसला. मधल्या सुट्टीपर्यंत तिचं नाव रवारूताई पडलं होतं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी पोटात दुखायला लागलं. ते नाव ज्या पोरानं पाडलं, त्याच्या बापाचा नंबर मी पालकांच्या ग्रुपवरून काढला. फोन लावला. तिकडं रिंग जायला लागली आणि मला आपली चौथी दिसली. मी फोन कापला.

नाव कुणी पाडलं होतं हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे, आता वहिनींनाही कळलं. दहावीपर्यंत तू 'रवाऱ्या' होतास, आणि तुझ्या लग्नाच्या वरातीत पण मी तेच ओरडत होतो. तू मला विहिरीच्या काठावर ढकललंस, माझा दात गेला, आणि त्या दाताचा हिशेब मी तुझ्याकडं आजवर मागत आलोय. फिटला. उलट बाकी माझ्याचकडं निघते. यावर तू हसून काहीतरी बोलशील म्हणून फोन केला नाही. फोनवर तू हसून घालवतोस.

आणखी एक गोष्ट या आठवड्यात माझ्या डोक्यात पेटली. तू मला कधी मेसेज लिहून पाठवला नाहीस. सगळं आवाजात. मी ग्रुपवर तुझी टर उडवायचो, 'साहेबांना टाईप करायला कमीपणा वाटतो.' बापरे.

असो. शाळेचं सांगतो. वर्गात छप्पन्न पोरं, बाई एकट्या. डायरीत शेरा, 'पालकांनी लक्ष द्यावे.' भेटायला गेलो तर म्हणाल्या शिकवणी लावा. लावली. म्हणजे शाळेत पाच तास जे जमत नव्हतं तेच संध्याकाळी आणखी दीड तास न जमणं चालू झालं. मग मी शिक्षण हक्क कायदा उतरवून काढला, २००९ चा. त्यात शिक्षकाच्या कामांमध्येच लिहिलंय की प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत बघून लागेल तशी जादा शिकवणी त्यानं द्यायची. मी तो कागद बँकेचं सर्क्युलर नेतात तसा पिवळ्या मार्करनं रंगवून मुख्याध्यापिकांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चहा मागवला. चहा आला की समजायचं, काम होणार नाही.

पण झालं, अर्धं. जादा तासाला हो म्हणाल्या, आठवड्यातून तीन दिवस. कधी? तर चित्रकलेच्या तासाला! पोरगी शाळेत ज्या एका तासासाठी जाते तो. मी तिथं आवाज चढवला. शेवटी शाळा भरायच्या आधीचा अर्धा तास ठरला. पावणेसातला गेटवर सोडतो, वॉचमनशी आता ओळख झालीय. शिकवणारी बाई अगदी तरुण आहे, विशेष शिक्षणाचा कोर्स केलेली. स्टीलच्या ताटात रवा पसरून बोटानं अक्षर काढायला लावते, आवाज करत. 'ख' शिकायला रवा! पहिल्या दिवशी सईनं घरी येऊन हा विनोद स्वतः केला, तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो.

समुपदेशक मॅडमनी आधी डोळे आणि कान तपासून घ्यायला लावले, मग दोन सकाळी चाचण्या घेतल्या. बुद्धी चांगली आहे, वाचन पहिलीच्या पातळीवर. अध्ययन अक्षमता. दाखला सरकारी रुग्णालयातून घ्यायचा. आठ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय देत नाहीत, आणि चौदाव्या नि अठराव्या वर्षी परत तपासणी. सई गेल्याच महिन्यात आठची झाली.

आणि इथं घरात दोन पक्ष झालेत. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे जे २१ प्रकार आहेत त्यात हे येतं, म्हणजे कागदावर तो शब्द येणार. आई म्हणते, धडधाकट पोरीला कुणी असा शिक्का मारून घेतं का. मीनल म्हणते दाखला हवाच, परीक्षेत जादा वेळ मिळेल, लेखनिक मिळेल. आई लग्नापर्यंत पोचली, मीनल दहावीपर्यंत, मी मधे पावणेसातच्या गेटवर उभा. रात्री मला वाटतं घ्यावा. सकाळी ती उड्या मारत रवा खेळायला जाते तेव्हा वाटतं कशाला. तुला विचारायचंय ते हेच. तुझ्याकडं तो कागद असता तर तुला बरं वाटलं असतं की वाईट?

कारण मी बघितलं, आपल्या सरकारनं या सवलती १९९६ सालीच चालू केल्या. आपली दहावी १९९८ ची. दोन वर्षं, बाळू. गुरुजींना माहीत नव्हतं, हेडसरांना नाही, तालुक्यात तरी कुणाला असेल का कोण जाणे. तू मराठीत नापास झालास. मराठीत! दिवसभर तोंड बंद नसलेला माणूस. आणि गणितात माझ्यापेक्षा चार मार्क जास्त, जे मी घरी कधी सांगितलं नाही.

तुझं कसं चाललंय? सीझनला जळालेल्या मोटरींचं वायंडिंग भरून घ्यायला तुझ्याकडं रांग लागली असेल. पाटलानं मागचे पैसे दिले का? पोराचा डिप्लोमा कुठवर आला, त्याला म्हणावं पुण्यात आला की आमच्याकडंच उतर. वहिनी, लोणचं संपलं.

आता काम. महाशिवरात्रीच्या आसपास एखाद्या रविवारी ये. सईला मी सांगितलंय की बाळूकाका नुसत्या आवाजावरून बेअरिंग गेलंय की कॉइल जळलीय ते ओळखतो, आणि त्याला पण 'ख' येत नव्हता. तिला ते खरं वाटत नाही. बिलं कशी वाचतोस, मोटरवरची पाटी कशी लावतोस, हे तिला सांग. मला ऐकायचं नाही, मी बाहेर जाऊन बसेन.

आणि येताना जळालेल्या मोटरची तांब्याची तार आण, जरा जाड बघून. तिच्या बाई म्हणाल्या वाकवून अक्षरं करता येतील. फुकट नको, भंगाराच्या भावानं पैसे देईन, नाहीतर वहिनी मला दारात उभं करणार नाहीत.

उत्तर आवाजातच पाठव. मोठं पाठव.

तुझा,
बंड्या