रुग्णासोबत आलेल्यांनाही जागा दिल्याबद्दल

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

कर्करुग्ण आणि त्यांची शुश्रूषा करणारे घरचे लोक यांच्यासाठी आपण वसईत घेतलेल्या आध्यात्मिक साधनेला मी आणि माझे पती आलो होतो. आपले आणि फादरांचे आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते सर्वांना वाचता येईल असे मुद्दाम लिहिले आहे, कारण आमच्यासारखीच परिस्थिती असलेल्या कितीतरी घरांना अशी साधना होते हे ठाऊकच नसते.

यांच्या तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, पुढे किरणोपचार सुरू झाले आणि विरार लोकलने दादर, तिथून परळ हा आमचा रोजचा रस्ता झाला. या सगळ्या काळात भेटणारा प्रत्येक जण यांची चौकशी करीत असे, आणि ते योग्यच होते. मात्र नाकातल्या नळीतून वेळच्या वेळी अन्न देणाऱ्या, जखम पुसणाऱ्या, विम्याचे कागद घेऊन खिडक्यांपुढे उभ्या राहणाऱ्या आणि रात्री यांचा श्वास ऐकत जाग्या राहणाऱ्या माणसालाही काही दुखत असेल, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. आपल्या नावनोंदणीच्या अर्जावर सोबत येणाऱ्या व्यक्तीसाठी रुग्णाइतकीच जागा होती. झोप लागते का, जेवण वेळेवर होते का, स्वतःची तपासणी शेवटची केव्हा करून घेतली, असे प्रश्न त्यात होते. तो अर्ज भरतानाच मला समजले की इथे मला केवळ यांची सोबत म्हणून बोलावलेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण आम्हा शुश्रूषा करणाऱ्यांना वेगळ्या खोलीत बसवलेत, आणि येशूचा क्रूस वाहणाऱ्या कुरेनेकर शिमोनाविषयी बोललात. क्रुसाच्या वाटेची, म्हणजे येशूच्या दुःखसहनाच्या एकेका प्रसंगापाशी थांबून प्रार्थना करण्याची भक्ती मी लहानपणापासून करीत आले आहे. पाचव्या स्थानापाशी गुडघे टेकताना शिमोन हा स्वखुशीने पुढे आलेला भला माणूस असावा, असेच चित्र माझ्या मनात असे. आपण शुभवर्तमान उघडून दाखवलेत की तो शेतावरून येत होता आणि शिपायांनी त्याला वेठीस धरले. ज्याने हा भार मागून घेतला नव्हता, तोही प्रभूच्या खांद्याला खांदा लावून चालला. त्यानंतर आपण कफर्णहूममधल्या त्या चौघांची गोष्ट सांगितलीत, ज्यांनी छप्पर उघडून पक्षाघाती माणसाला येशूपुढे खाली सोडले. तिथे मार्क लिहितो की येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला, म्हणजे खाटेवर पडलेल्याचाच नव्हे, तर खाट वाहून आणणाऱ्यांचाही. या दोन प्रसंगांनी मला जेवढा आधार दिला, तेवढा आजवर ऐकलेल्या कोणत्याही प्रवचनाने दिला नव्हता.

त्या खोलीत बोललेले तिथेच राहावे असे ठरले होते, म्हणून इतरांचे काही लिहीत नाही. माझे मात्र सांगते. देवावर माझा राग आहे, प्रार्थनेला बसले की ओठ मिटतात, आणि कधी कधी हे सगळे एकदाचे संपावे असे वाटून जाते, हे मी तिथे पहिल्यांदा मोठ्याने बोलले. आपण मला गप्प केले नाहीत, की विश्वास कमी पडतो असेही म्हणाला नाहीत. आपण ८८वे स्तोत्र वाचायला दिलेत. विलापाची बहुतेक स्तोत्रे शेवटी आशेकडे वळतात, पण हे एक स्तोत्र अंधारातच थांबते, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. देवाला उद्देशून केलेली तक्रार हीसुद्धा प्रार्थनाच असते, हे मला त्या दिवशी कळले.

आणखी एका गोष्टीसाठी मी आपली फार ऋणी आहे. यांच्या आजाराच्या सुरुवातीला आमच्या ओळखीतल्या एकाने औषधे सोडून केवळ प्रार्थनेवर भिस्त ठेवण्याचा आग्रह धरला होता, आणि तसे न केल्यामुळे आम्ही विश्वासात कमी पडलो की काय, ही टोचणी यांच्या मनात राहून गेली होती. आपण पहिल्याच संध्याकाळी स्पष्ट सांगितलेत की इथे बरे होण्याची हमी कोणी देणार नाही आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी कोणी बंद करू नये. पवित्र शास्त्रातल्या बेन सिराच्या ग्रंथातला ३८वा अध्याय आपण वाचून दाखवलात, त्यात वैद्याचा मान राखायला सांगितले आहे आणि औषधे परमेश्वरानेच भूमीतून निर्माण केली असे म्हटले आहे. यांच्या मनावरचे ओझे तिथेच उतरले. वेदनाशमनाविषयी बोलायला आलेल्या डॉक्टरांनी मॉर्फिनची भीती दूर केली आणि वांद्र्याला १९८६ साली सुरू झालेल्या ‘शांती आवेदना’ या देशातल्या पहिल्या हॉस्पिसविषयी, म्हणजे बरे होण्याची आशा नसलेल्या रुग्णांची अखेरपर्यंत शुश्रूषा करणाऱ्या घराविषयीही सांगितले. तो विषय घरात काढायला आम्ही दोघेही धजत नव्हतो. तिथून परतल्यावर आम्ही त्यावर शांतपणे बोलू शकलो.

रुग्णाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावून प्रार्थना करण्याच्या संस्काराविषयी लिहायलाच हवे. माझ्या सासूबाईंच्या पिढीत घरी तेल घेऊन फादर आले म्हणजे माणूस आता जाणार, असाच समज होता, आणि आम्ही निघालो तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने हा संस्कार केवळ मरणासन्न माणसासाठी नाही असे स्पष्ट केले आणि १९७२ साली त्याचा विधीही नव्याने घालून दिला, हे फादरांनी नीट समजावून सांगितले. मग त्यांनी एकेकापाशी जाऊन कपाळाला आणि दोन्ही तळहातांना तेल लावले. सुयांनी शिरा काळ्या पडलेले हे हात इतके दिवस फक्त तपासणीसाठीच कोणीतरी हातात घेत होते. सासूबाईंना मी घरी येऊन सारे सांगितले, तेव्हा मलाही मिळेल का, असे त्यांनी विचारले.

किरणोपचारांनंतर गिळता येत नसल्यामुळे यांनी बरेच महिने ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, घेतला नव्हता, आणि मिस्सेला हे मागच्या बाकावर बसून राहात. गरज असेल तर केवळ द्राक्षारसाच्या रूपातही ख्रिस्तप्रसाद देता येतो, असे फादर म्हणाले. पण तोंडातल्या जखमांना तो झोंबेल हे ओळखून त्यांनी भाकरीचा अगदी बारीक कण चमचाभर पाण्यात घालून दिला. आधी आपण मला विचारलेत की यांना किती पाणी एका वेळी जाते. एवढी काळजी घेणाऱ्यांचे आभार कसे मानावे ते मला खरोखर कळत नाही.

दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेले सोलापूरकडचे एक वारकरी जोडपेही आले होते. त्यांना आपण धर्म विचारला नाहीत, कशाचा आग्रह केला नाहीत, आणि सायंकाळी त्यांना हरिपाठ म्हणायला स्वतंत्र खोली दिलीत. फादरांनी त्यांच्यासाठी प्रार्थना केली तीही त्यांची परवानगी घेऊन. ख्रिस्ती सेवा अशीच असावी असे मला मनापासून वाटते.

स्वयंपाकघरातल्या भगिनींनाही माझे आभार कळवा. मिरचीचा स्पर्शही नसलेली पेज, नाचणीची आंबील आणि मिक्सरमधून काढलेले खिमट त्यांनी न सांगता वेळेवर दिले, आणि आम्हाला मात्र भरल्या ताटावर बसवून वाढले.

एक विनंती आहे. ज्यांचे माणूस गेले आहे, त्या शुश्रूषा करणाऱ्यांसाठीही आपण वेगळी साधना घ्यावी. आमच्या गटातल्या एका भगिनीला आता तिची गरज आहे. येत्या ११ फेब्रुवारीला, जागतिक रुग्णदिनाच्या सुमारास, आपण पुन्हा साधना घेणार असाल तर स्वयंपाकाला किंवा नळीने अन्न देणाऱ्यांच्या मदतीला मी येईन. यांची तपासणी त्याआधी आहे. निकाल काहीही आला तरी मी आपल्याला फोन करीनच.

आपली कृतज्ञ,
वसईची एक भगिनी