एस्प्रेसो पाणचट होतो तो मापामुळे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत घरगुती कॅप्सूल कॉफी यंत्रांविषयी, म्हणजे एका कपापुरती पूड भरलेली बंद डबी (कॅप्सूल) घालून कॉफी काढणाऱ्या यंत्रांविषयी, जो लेख आला, त्यात या यंत्राची कॉफी एक तर पाणचट असते किंवा कडूजार, तेव्हा एस्प्रेसोची, म्हणजे लहान कपातल्या दाट कॉफीची, आवड असणाऱ्याने ते घेऊच नये, असे मत मांडले आहे. फोंड्यातल्या आमच्या घरी गेली चार वर्षे हे यंत्र रोज सकाळ-संध्याकाळ चालते. लेखातली तक्रार खरी आहे. पहिले वर्षभर आम्हीही तीच करीत होतो. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मला पटला नाही, म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

गोव्यात ही यंत्रे दुकानांतून जेवढी आली, तेवढीच प्रवासाच्या सामानातूनही आली. कुणाचा मुलगा जहाजावर नोकरीला आहे, कुणाचा भाऊ आखातात, तर कुणाची बहीण लिस्बनला स्थायिक झालेली. आमचे यंत्र माझ्या धाकट्या बहिणीने लिस्बनहून आणले. तिथे छोट्या कपातल्या या कॉफीला ‘बिका’ म्हणतात आणि ती दोन-तीन घोटांत संपते. आम्ही मात्र चहाच्या मापाची माणसे. यंत्रावर दोन बटणे, एकावर लहान कपाचे चित्र आणि दुसऱ्यावर मोठ्या कपाचे; एवढीशी कॉफी पाहुण्यापुढे कशी ठेवायची, या संकोचाने आमचे बोट दरवेळी मोठ्या कपावरच पडे. माहितीपुस्तिका पोर्तुगीज, फ्रेंच आणि आणखी कोणकोणत्या भाषांत होती. ती खणात गेली ती गेलीच.

सगळी गोम या बटणांत आहे. छोट्या ॲल्युमिनियम कॅप्सूलची जी पद्धत जगभर रूढ आहे, तिच्या एका कॅप्सूलमध्ये साधारण ५ ते साडेपाच ग्रॅम कॉफी असते. कारखान्यातून येताना बहुतेक यंत्रांचे लहान बटण ४० मिलिलिटरवर आणि मोठे ११० मिलिलिटरवर लावलेले असते. कॉफीच्या पुडीतून चांगल्या चवीचा जेवढा अंश पाण्यात उतरतो, तो तिच्या वजनाच्या सुमारे पाचवा हिस्सा, असे या धंद्यातले जाणकार मानतात. म्हणजे ५ ग्रॅममधून मिळणार एक ग्रॅम. हा एक ग्रॅम २५ मिलिलिटरमध्ये विरघळला तर कॉफीची दाटी ४ टक्के होते, ४० मिलिलिटरमध्ये अडीच टक्के, आणि ११० मिलिलिटरमध्ये एक टक्कासुद्धा नाही. मग तिला पाणचट म्हणू नये तर काय म्हणावे? डब्यावर निव्वळ वजन छापलेले असते. त्याला आतल्या कॅप्सूलच्या संख्येने भागले की आपण किती कॉफी विकत घेतली ते कुणालाही कळेल.

पाणचट कॉफी त्याच वेळी कडूही कशी लागते, हे मला बरेच दिवस उमगत नव्हते. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी मी तीन लहान काचेचे पेले घेतले, एक कॅप्सूल घातली, मोठे बटण दाबले आणि धार चालू असतानाच पेले एकामागून एक नळीखाली सरकवले. पहिल्या पेल्यात गडद, काकवीसारखी चकाकणारी कॉफी आली. तिला किंचित आंबटपणा होता, गोडवा होता आणि जिभेवर रेंगाळणारा स्निग्धपणाही. दुसऱ्या पेल्यातली फिकी, पण पिण्यासारखी होती. तिसऱ्यात जे उतरले त्याचा रंग कोऱ्या चहाचा होता आणि चव भिजलेल्या लाकडाची, मागे कडवट तुरटपणा ठेवणारी. एवढे दिवस आम्ही पहिल्या पेल्यातल्या उत्तम कॉफीत हा तिसरा पेला स्वतःच्या हाताने ओतत होतो. कॉफीतून आंबट आणि सुगंधी अंश आधी उतरतात, गोडवा त्यांच्या पाठोपाठ येतो आणि कडू-तुरट अंश सर्वांत शेवटी. पाणी जितके जास्त, तितका शेवटच्यांचा भरणा अधिक. शंका असेल त्याने हा प्रयोग घरी जरूर करून पाहावा, एका कॅप्सूलचाच खर्च आहे.

उपाय सोपा आहे. बहुतेक यंत्रांत लहान बटण दाबून धरले आणि हवी तेवढी कॉफी उतरल्यावर सोडले, की यंत्र ते माप लक्षात ठेवते. आम्ही कपाखाली स्वयंपाकघरातला वजनकाटा ठेवून लहान बटण २५ ग्रॅमवर लावले. कॉफीच्या बाबतीत ग्रॅम आणि मिलिलिटर एकच धरायला हरकत नाही. ज्यांना पेलाभर कॉफीच हवी असेल, त्यांनी आधी ही २५ मिलिलिटर कॉफी काढावी आणि वरून किटलीतले गरम पाणी हवे तेवढे घालावे. तेच पाणी कॅप्सूलमधून गेले तर कडूपणा घेऊन येते, वरून घातले तर फक्त कॉफी सौम्य करते. दूध घालून पिणाऱ्यांनी एका कॅप्सूलची मोठी कॉफी काढण्याऐवजी दोन कॅप्सूलच्या छोट्या कॉफी एकाच कपात काढाव्यात. कॅप्सूल स्वस्त नाही हे मला ठाऊक आहे. पण दुधात बुडून जाणारी एक कॅप्सूल वाया घालवण्यापेक्षा दोनदा ऐवजी एकदाच, पण मनासारखी कॉफी प्यावी, असे माझे मत आहे.

एस्प्रेसोचा कप लहान का, याचेही उत्तर यंत्रांच्या इतिहासात आहे. वाफेच्या जोरावर कॉफी काढणाऱ्या यंत्राचे पेटंट तुरीनच्या आंजेलो मोरिओंदो यांनी १८८४ मध्ये घेतले होते. पण आज आपण जिला एस्प्रेसो म्हणतो ती दाट, वर सोनेरी साय धरणारी कॉफी मिलानच्या आकिले गाज्जिया यांच्या दांड्याच्या यंत्रांतून दुसऱ्या महायुद्धानंतर लोकांसमोर आली. त्या यंत्रात दांडा ओढला की ठरावीक, थोडेसेच पाणी दट्ट्याखाली येई आणि तेवढेच कॉफीतून दाबले जाई. पुढे स्वित्झर्लंडमध्ये नेस्लेत काम करणाऱ्या एरिक फाव्र यांनी कॅप्सूलची पद्धत शोधली, तिचे पेटंट १९७६ चे, आणि १९८६ मध्ये ‘नेस्प्रेसो’ या नावाने ती बाजारात आली. मोठ्या कपाची सवय नंतर चिकटली.

मापानंतरचा दुसरा दोष उष्णतेचा. यंत्र अर्ध्या मिनिटात तयार झाल्याचा दिवा दाखवते. पण तेव्हा तापलेले असते ते आतले पाणी. कॅप्सूल बसते ती जागा, कॉफीची नळी आणि आपला कप तिन्ही थंडच असतात. २५-३० मिलिलिटर कॉफी ती किती, जाड चिनी मातीचा कप तिची ऊब क्षणात शोषून घेतो, आणि कोमट एस्प्रेसो नुसता आंबट लागतो. म्हणून पहिल्या कॉफीआधी कॅप्सूल न घालता एकदा बटण दाबून ते गरम पाणी कपातच घ्यावे, कप फिरवून ओतून टाकावे आणि लगेच कॅप्सूल घालावी. या एका सवयीने आमच्या घरी पहिल्या आणि दुसऱ्या कपातला फरक जवळजवळ नाहीसा झाला. काढून झाल्यावर चमच्याने एकदा ढवळावे, हेही सांगून ठेवते. दाट अंश तळाशी बसलेला असतो, आणि न ढवळता प्यायलो तर वरचा घोट कडू आणि खालचा आंबट अशी विभागणी होते.

पाण्याविषयी आपल्या लेखात एक शब्दही नव्हता, याचे मला आश्चर्य वाटले. कपात सर्वांत जास्त असते ते पाणीच. किनाऱ्याजवळच्या काही विहिरींचे पाणी एप्रिल-मे महिन्यांत मचूळ होते, टँकरचे पाणी कुठले असते त्याचा नेम नाही, आणि क्षारांचे पाणी यंत्रात गेले की तापणाऱ्या भागावर थर धरते. मग पाणी नीट तापत नाही आणि धार बारीक होते. याच्या उलट टोकाला आरओचे पाणी. त्यातले क्षार जवळजवळ सगळेच निघून जातात, आणि क्षार अगदीच नसले तर कॉफीची चव उतरत नाही, ती सपक लागते. आंतरराष्ट्रीय स्पेशालिटी कॉफी असोसिएशनने कॉफीच्या पाण्यासाठी एकूण विरघळलेल्या क्षारांचे आदर्श प्रमाण लिटरमागे १५० मिलिग्रॅम धरले आहे, आणि ७५ ते २५० पर्यंत चालते असे म्हटले आहे. आम्ही नळाचे गाळलेले पाणी आणि आरओचे पाणी निम्मे-निम्मे घालतो. टाकीतले पाणी रोज बदलावे. पावसाळ्यात तर त्याला एका रात्रीत वास धरतो. थर काढण्यासाठी यंत्रासाठीच मिळणारे औषध ठरल्या वेळी वापरावे. घरात आहे म्हणून व्हिनेगर घालू नये, त्याने आतली रबरी सीले खराब होण्याची भीती असते आणि वासही लवकर जात नाही.

कॅप्सूलच्या निवडीबद्दल थोडे. डब्यावरचा तीव्रतेचा आकडा हा बहुतांशी भाजणीचा आणि चवीच्या भारदस्तपणाचा असतो, कॅफिनचा नव्हे. वर येणाऱ्या जाड सायीवरूनही, म्हणजे क्रेमावरून, कॉफीची प्रत ठरवू नये. रोबस्टा जातीच्या बिया मिसळल्या की साय जाड येतेच. मूळ पेटंटांची मुदत संपल्यावर अनेक कंपन्यांनी या यंत्रांत बसणाऱ्या कॅप्सूल काढल्या आणि आता चिकमगळूर, कूर्गच्या कॉफीच्या भारतीय कॅप्सूलही मिळतात. त्या घेताना आपले यंत्र कोणत्या पद्धतीचे आहे ते आधी पाहावे, कारण सर्व पद्धती एकमेकींशी जुळत नाहीत. ॲल्युमिनियमच्या कॅप्सूलचा पातळ पत्रा आतला दाब वाढेपर्यंत टिकतो आणि मगच जाळीवर फाटतो. हा क्षणभराचा अडथळाच एस्प्रेसोला दाटपणा देतो. काही स्वस्त प्लास्टिक कॅप्सूलना आधीच भोके असतात आणि त्यांतून कॉफी गळून जाते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले ‘१९ बार’ पाहून कुणी भुलू नये. ती पंपाची कमाल ताकद आहे; एस्प्रेसोला ९ बारच्या आसपासचा दाब पुरतो.

पुन्हा भरता येणाऱ्या पोलादी कॅप्सूलचा मार्ग चांगला आहे, पण त्यात एक चूक मी केली ती इतरांनी करू नये. घरात फिल्टर कॉफीची चिकोरी मिसळलेली पूड होती, तीच मी दाबून भरली. पंप घुरघुरत राहिला, मिनिटभरात चार थेंब आले, आणि कॅप्सूल उघडली तर आत गुळाच्या पाकासारखा चिकट गोळा. चिकोरीची पूड या कॅप्सूलमध्ये घालू नये. शुद्ध कॉफी ताजी दळून, बारीक रव्यापेक्षा थोडी बारीक, काठापर्यंत न दाबता भरावी, आणि आपल्या दमट हवेत दळलेली पूड घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवून आठवड्याभरात संपवावी. बंद कॅप्सूलचा पावसाळ्यात हाच मोठा फायदा आहे की आषाढातही आतली पूड कोरडी राहते.

एवढे सगळे केले तरी हॉटेलातल्या मोठ्या यंत्राचा एस्प्रेसो घरी मिळेल, असे मी म्हणणार नाही. तिथे १८ ग्रॅम कॉफीतून ३६ ग्रॅमच्या आसपास एस्प्रेसो काढतात, त्याची दाटी ८ ते १० टक्के होते. आपली ४ टक्क्यांची मर्यादा ५ ग्रॅमच्या कॅप्सूलनेच घालून दिलेली आहे. परंतु ४ टक्के आणि एक टक्का यांतले अंतर प्रत्येक घोटाला कळते, आणि ते मिळवायला एक पैसाही जास्त लागत नाही.

म्हणून आपल्या पत्रामार्फत गोव्यातल्या विक्रेत्यांना माझी विनंती आहे, की यंत्र विकताना त्यांनी गिऱ्हाइकासमोर बटणाचे माप बदलून दाखवावे आणि त्यासोबत मराठीत व कोंकणीत एक पानी सूचना द्यावी: एका कॅप्सूलमध्ये किती ग्रॅम कॉफी, तिच्यातून किती मिलिलिटर काढावी, थर कधी व कशाने काढावा. कॅप्सूल विकणाऱ्या भारतीय कंपन्यांनी डब्यावर कॉफी भाजल्याची तारीखही छापावी. आमच्या यंत्राची पोर्तुगीज पुस्तिका मी अलीकडे खणातून काढून बहिणीला फोनवर वाचायला लावली. माप बदलण्याची कृती तिच्या चौथ्या पानावर होती.

कळावे,
आपली विश्वासू,
एक वाचक, फोंडा-गोवा