फियाट भंगारात देऊ नका

स्टुटगार्टजवळून,
१७ मे २०२६

ती. बाबा आणि सौ. आईस,
शि. सा. न.

परवा दादाने फोनवर बोलता बोलता सांगितलं की कुर्ल्याचा एक भंगारवाला येऊन आपली फियाट बघून गेला आणि भावही जवळजवळ ठरला आहे. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. बाबा, तुम्ही फोनवर गुडघ्याचं सांगता, पाण्याच्या कपातीचं सांगता, पण गाडीचा विषय काढत नाही. म्हणून हे पत्र. फोनवर मला रडू येईल आणि सांगायचं ते राहून जाईल.

सांगायचं एवढंच की नोव्हेंबरपर्यंत गाडी कुणाच्याही हवाली करू नका. तेव्हा तिला पन्नास वर्षं भरतील आणि जपायची जुनी गाडी म्हणून तिची वेगळी नोंदणी करता येईल.

आधी एक काम करा. गोदरेजच्या कपाटात, आईच्या दागिन्यांच्या खणाखाली, आण्णांच्या कागदांची पिशवी आहे. त्यात गाडीचं जुनं आरसी बुक आहे, कोपरे कुरतडलेलं, दोऱ्याने शिवलेलं. त्याच्या पहिल्या पानावर पहिल्या नोंदणीची तारीख असेल. माझ्या आठवणीप्रमाणे ती नोव्हेंबर १९७६ ची आहे, कारण आण्णा नेहमी सांगायचे की दिवाळी उलटली आणि गाडी आली. कितीतरी वर्षं नंबर लावून बसले होते ते. ही तारीख महत्त्वाची आहे, कारण सगळा हिशोब पहिल्या नोंदणीपासून होतो. गाडी तुमच्या नावावर कधी झाली याला त्यात काही अर्थ नाही.

हे सगळं माझ्या डोक्यात आलं ते आमच्या घरमालक आजोबांमुळे. तळमजल्यावर राहतात, वय ऐंशीच्या घरात. त्यांच्याकडे एक फोक्सवॅगन गोल्फ आहे, १.६ लिटरची, एप्रिल १९९६ ची. अगदी साधी, गडद हिरवी. आपल्याकडे गल्लोगल्ली मारुती ८०० दिसायची ना, तशी इथे एके काळी गोल्फ दिसायची. मी इथे आले तेव्हा मला वाटायचं, आजोबांना नवी गाडी परवडत नसेल. तसं नव्हतं. ते तिला तीस वर्षं पूर्ण होण्याची वाट बघत होते.

इथे जर्मनीत नियम असा की गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आल्याला किमान ३० वर्षं झाली, ती बरीचशी मूळ रूपात असली आणि चांगल्या अवस्थेत राखलेली असली, तर तिला ऐतिहासिक गाडी म्हणून नोंदवता येतं. मग नंबर प्लेटच्या शेवटी "एच" हे अक्षर येतं. १९९७ पासून ही पद्धत आहे. नियमात गाडी महाग असावी, दुर्मीळ असावी, कुणा बड्या माणसाची असावी, असं कुठेही नाही. रोज कामावर नेलेली, मागच्या सीटवर पोरांनी दूध सांडलेली गाडीसुद्धा चालते. मात्र वय झालं की आपोआप मिळतं असंही नाही. तज्ज्ञाकडून तपासून दाखला घ्यावा लागतो.

आजोबांबरोबर तपासणीला मीही गेले होते. गाडी लिफ्टवर वर घेतली. तपासणारा तरुण मुलगा होता, माझ्यापेक्षा लहान. हातात बॅटरी घेऊन खालून एकेक इंच बघत होता. डाव्या दाराखालच्या पत्र्यावर त्याने स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने टकटक केलं. पहिले दोन ठोके खणखणीत वाजले, तिसरा बद्द. त्याने काही न बोलता आजोबांकडे बघितलं, आजोबांनी मान खाली घातली. इथे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, त्या मिठाने पत्रा आतून खाल्ला होता. दुसरी अडचण चाकांची निघाली. त्यांच्या मुलाने हौसेने अलीकडच्या गाडीची मोठी अलॉय चाकं बसवली होती. इथे बदल चालतात, पण ते गाडीच्या पहिल्या दहा वर्षांतले असले पाहिजेत किंवा त्या काळी सर्रास केले जात असले पाहिजेत. ही चाकं त्यात बसेनात. पहिल्या खेपेला दाखला मिळाला नाही.

घरी आल्यावर आजोबा तळघरात गेले आणि मूळची चारही लोखंडी चाकं वर्तमानपत्रात गुंडाळलेली घेऊन वर आले. मुलगा म्हणाला होता फेकून द्या, त्यांनी फेकली नव्हती. पत्र्याचं काम करून घेतलं, महिन्याने परत गेलो आणि दाखला मिळाला. नवी प्लेट त्यांनी स्वतःच्या हाताने लावली. स्क्रू पिळताना हात थरथरत होते, तरी मला हात लावू दिला नाही.

मला वाटायचं हे सगळं कर वाचवायला चाललंय. पुष्कळांचा वाचतोही, कारण "एच" प्लेटच्या मोटारीला इंजिन केवढंही असलं तरी वर्षाला सरसकट १९१ युरो ७३ सेंट कर आहे. मोठ्या इंजिनाच्या जुन्या गाड्यांना, डिझेलवाल्यांना फार फायदा. पण आजोबांच्या गाडीला आधी दर १०० सीसीला ७ युरो ३६ सेंट लागायचे, म्हणजे वर्षाचे ११७ युरो ७६ सेंट. आता त्यांना चौऱ्याहत्तर युरो जास्तच भरावे लागतात! मी विचारलं, मग कशासाठी? म्हणाले, बायकोने स्वतःच्या पगारातून घेतलेली ही एकच गाडी. तिला कुणीतरी शिक्का मारून म्हणायला हवं होतं की ही जपण्यासारखी वस्तू आहे.

बाबा, ते ऐकल्यापासून आपली फियाट डोळ्यांपुढून हलत नाही.

आपल्याकडचा नियम मी नीट वाचला. केंद्राने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत "व्हिंटेज" गाड्यांसाठी वेगळी तरतूद केली. आपल्याकडे वयाची अट ५० वर्षांची आहे. (ब्रिटनमध्ये ४०.) दुचाकी आणि खाजगी चारचाकी, दोन्हींना लागू. गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार केलेले नकोत. आपली गाडी यात बसते आणि ते फक्त तुमच्या हट्टामुळे. आठवतं ना, पेट्रोल महागलं तेव्हा मेकॅनिक डिझेलचं इंजिन टाका म्हणून मागे लागला होता. दादा सीएनजी किटसाठी रुसून बसला होता. तुम्ही दोघांनाही नाही म्हणालात. २००५ च्या पुरात, २६ जुलैला, गाडी छातीभर पाण्यात उभी राहिली, तेव्हाही सगळे म्हणाले इंजिन बदला. तुम्ही प्लग काढलेत, आईच्या पोळीच्या तव्यावर मंद आचेवर भाजलेत, आणि घरभर पेट्रोलचा वास म्हणून आई दोन दिवस बोलली नव्हती. चौथ्या दिवशी चोक ओढून तुम्ही गाडी सुरू केलीत. तेच इंजिन, तोच नंबर, आरसी बुकात लिहिलेला. चॉकने घासून एकदा पडताळून घ्या.

नंबर प्लेटची काळजी करू नका. नव्याने नोंदणी होणाऱ्या व्हिंटेज गाड्यांना "व्हीए" अक्षरांची वेगळी मालिका आहे, पण आधी नोंदवलेल्या गाडीचा मूळ नंबर ठेवता येतो. आपला तीन अक्षरी जुना नंबर जाणार नाही. अर्ज परिवहनच्या पोर्टलवर फॉर्म २० भरून करायचा. विमा आणि जुनं आरसी जोडायचं. प्रमाणपत्र ६० दिवसांत मिळतं. फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला ५,०००.

आता जी गोष्ट तुम्हाला आवडणार नाही ती सांगते. इथे आजोबा "एच" प्लेटची गाडी घेऊन रोज सकाळी पाव आणायला जातात, कुणी अडवत नाही. आपल्याकडे तसं नाही. व्हिंटेज नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, धंद्याला तर नाहीच. प्रदर्शन, रॅली, तिथली ये-जा, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, तांत्रिक अभ्यास, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. म्हणजे रविवारी सकाळी आईला घेऊन जुहूला जाणं बंद. मला हा नियम फार कडक वाटतो. गाडी चालवत राहिली तरच टिकते, हे तुमच्याकडूनच शिकले. रबर सुकतं, कार्बोरेटर चिकटतो, ब्रेक धरतात.

म्हणून हिशोब मांडून बघितला. दर पाच वर्षांचं नोंदणीचं साधं नूतनीकरणही नोव्हेंबरातच येतंय, २०२१ ला केलं होतं त्याचं. दादाचं सगळं म्हणणं त्या खर्चावर आहे. ही फी एप्रिल २०२२ ला ६०० ची ५,००० झाली आणि गेल्या ऑगस्टात २० वर्षांवरच्या मोटारींना १०,००० केली. वर पर्यावरण कर, आणि पासिंगसाठी ब्रेक, दिवे, पत्रा नीट करून घ्यायला लागेल तो वेगळा. पण १०,००० पाच वर्षांसाठी आणि २०,००० दहा वर्षांसाठी, म्हणजे फीच्या बाबतीत दोन्हीकडे वर्षाला २,००० च पडतात. मग जोपर्यंत तुम्हाला स्वतः चालवायची आहे तोपर्यंत साधंच नूतनीकरण करा. पन्नास वर्षं एकदा भरली की भरली, २०३१ मध्येही व्हिंटेजचा अर्ज करता येईल. गुडघ्याने क्लच दाबवेनासा झाला तर मात्र याच नोव्हेंबरात व्हिंटेज करून टाकू. दोन्ही वाटा उघड्या आहेत. भंगारवाल्याने गॅस कटर लावला की मग एकही उरत नाही.

पैसे मी पाठवते. यात वाद नको. दादाला सांगा, सोसायटीने बंद गाड्या हलवायचं पत्र दिलंय त्यावरही उत्तर आहे. गाडी बंद नाही, बॅटरी उतरली आहे. नवी बॅटरी घाला आणि आवारात एक फेरी मारून दाखवा.

तुम्ही म्हणाल, आपल्या गाडीत काय आहे जपण्यासारखं? लहानपणी हॉर्निमन सर्कलला जुन्या गाड्यांची रॅली बघायला न्यायचात तेव्हाही हेच म्हणायचात. पितळी दिव्यांच्या, संस्थानिकांच्या गाड्या बघून परत येताना तुम्ही आपल्या फियाटच्या टपावर हात ठेवून म्हणालात, "हिला कोण बघायला येणार?" बाबा, संस्थानिकांच्या गाड्या जपायला माणसं आहेत, गॅरेज आहेत. आपली फियाट म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १,०८९ सीसीची, नोकरदाराची गाडी. मुंबईत इतक्या होत्या की कुणाला जपावीशी वाटली नाही. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २००३ मध्ये ताडदेव आरटीओत नोंदवलेली, टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. त्या दिवशी मी इथे फोनवर फोटो बघत होते आणि मनात म्हणाले, आपली आहे अजून. वालचंद हिराचंदांच्या कंपनीने ती कुर्ल्यात बनवली, आण्णा कुर्ल्याहून ती चालवत पार्ल्याला आले, आणि आता कुर्ल्यातच तुटायला जाणार? माझ्याच्याने हा विचार करवत नाही.

त्या गाडीत पुढच्या सलग सीटवर आम्ही तिघं बसायचो. तुम्ही स्टिअरिंगचा गिअर बदलताना माझा गुडघा आड यायचा आणि तुम्ही न ओरडता तो हलकेच बाजूला सारायचात. तिकोनी काच उघडली की माहीमच्या खाडीचा वास थेट नाकावर यायचा. दादालाही हे आठवत असणार. तो वाईट नाही, त्याच्यावर सगळं पडलंय म्हणून वैतागलाय. त्याच्यावर रागावू नका.

आई, तू बाबांकडून पहिल्या पानाचा फोटो काढून पाठव, तारीख स्पष्ट दिसेल असा. आणि पाऊस सुरू व्हायच्या आत ताडपत्री बदलून घ्या. मागच्या वर्षी डिकीच्या बाजूला फाटली होती, तिथून पाणी आत जातं.

मी ऑक्टोबरच्या शेवटी येतेय, तिकीट काढलं. आरटीओत मीच येईन तुमच्याबरोबर.

तुमची,
चिऊ

ता. क. आजोबांनी तुमच्यासाठी एक डबी दिली आहे, क्रोम पुसायच्या पेस्टची. बंपर माझ्यासाठी ठेवा.