खाडीच्या पाण्याची तपासणी व दाव्याच्या खर्चासाठी मदतीचे आवाहन

सर्व ग्रामस्थ, मुंबईकर मंडळी व माहेरवाशिणींस सप्रेम नमस्कार.

यंदाही जूनच्या पहिल्या पावसात दाभोळ खाडीत मासे मेले. व्हिडिओ सर्वांनी पाहिला आहे. सकाळच्या ओहोटीला बोयटी, शेंगट्या, पालू पाण्यावर तोंडे काढून धापा टाकत होते आणि दुपारपर्यंत किनाऱ्याला पांढऱ्या पोटांचा खच पडला होता. मुळे-तिसऱ्या (खाडीतले शिंपले) काढायला गेलेल्या बायका पाय चुरचुरतात म्हणून रिकाम्या टोपल्या घेऊन परत आल्या. पाऊस लागला की कारखान्यांचे साठवलेले सांडपाणी ओढ्या-नाल्यांतून खाडीला येते, हे वाशिष्ठी-जगबुडीच्या काठावर लहान मुलालाही ठाऊक आहे. प्रश्न पुराव्याचा आहे.

या पुराव्यासाठी ज्यांनी आजवर खाडीसाठी झटणाऱ्या आपल्या समितीला उभे ठेवले, त्यांचे ऋण आधी मानले पाहिजे. वरच्या वाडीतल्या आपल्या दिवंगत आण्णांनी गिरणीच्या हिशेबातले पैसे दिले, त्यातून नमुन्यांच्या पहिल्या बाटल्या आल्या. भोईवाडीच्या बचत गटाने सुकी मासळी विकून बर्फाची पेटी घेऊन दिली. मोहल्ल्यातल्या दालदी (मुस्लिम मच्छीमार) बांधवांनी दरवेळी होडी दिली आणि डिझेलचा एक पैसाही घेतला नाही. आणि आपले रसायनशास्त्राचे सर! निवृत्तीनंतर विश्रांती घ्यायची सोडून ते मुलांना घेऊन होडीत बसतात. बाटली पाण्याखालीच भरून आत एकही बुडबुडा राहू न देता बूच कसे लावायचे, त्यात दोन औषधे तिथल्या तिथे कशी सोडायची, हे त्यांनी दहावी-बारावीच्या पोरांच्या हातात बसवले. पाण्यात प्राणवायू असेल तर तळाला तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. मासे मेले त्या दिवशी कोतवली गावाच्या बाजूला भरलेल्या बाटलीत साका पांढराच राहिला. सर बराच वेळ बाटली हातात धरून बसले होते. माशाला लिटरमागे चार-पाच मिलिग्रॅम प्राणवायू लागतो, दोनच्या खाली मासा तगत नाही. तिथे जवळपास काहीच नव्हते.

पण घरच्या बाटलीवर दावा उभा राहत नाही, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. 1974 च्या जल कायद्याखाली नमुना घेण्याचा अधिकार प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याला आहे, पण कळवल्यापासून साहेब पोचेपर्यंत दोन भरत्या येऊन जातात आणि पाणी निवळलेले असते. म्हणून यापुढे आपलेच नमुने बर्फात घालून त्याच दिवशी प्रयोगशाळेला पाठवायचे आणि पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात (पर्यावरणाचे दावे चालतात तिथे) अर्ज करायचा, असे सभेत ठरले आहे. असा अर्ज घटनेपासून सहा महिन्यांत करावा लागतो. म्हणजे डिसेंबरच्या आत. दिवस थोडे आहेत.

थोडे मनातले लिहितो. मागच्या वर्षीही हेच आवाहन केले होते. ग्रुपवर अंगठे भरपूर आले, मदत मोजक्या घरांतून आली. देवळाच्या कमानीला सर्वांनी सढळ हाताने दिले, त्याचा आनंदच आहे. पण खाडीचे नाव काढले की ‘कंपन्यांशी भांडून काय होणार’ असे ऐकावे लागते, आणि ते आपल्याच माणसांकडून ऐकताना वाईट वाटते. आपली मुले लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातात, कारखाने बंद करा असे समिती कधीही म्हणालेली नाही. सांडपाणी प्रक्रिया करूनच सोडा, रात्री-अपरात्री चोरून सोडू नका, एवढेच मागणे आहे. ज्या खाडीच्या मासळीवर आपल्या आयांनी आपल्याला शिकवले, तिच्यासाठी इतके तरी मागायला नको का?

खर्च : प्राणवायू मोजायचे यंत्र, तपासणी फी, वकिलांची फी, पुण्याचे येणे-जाणे. घरटी किमान पाचशे रुपये, जास्त द्याल तेवढे हवेच. रक्कम खजिनदारांकडे किंवा समितीच्या बँक खात्यात (क्रमांक मागच्या पत्रकातलाच), पावती जरूर घ्यावी. मुंबईकरांनी गणपतीला येताना आणली तरी चालेल, पण वकिलांना पहिला हप्ता त्याआधी द्यायचा आहे, जमल्यास नारळी पौर्णिमेपर्यंत पाठवावी. ज्यांना पैसे शक्य नाहीत त्यांनी होडी द्यावी, पोरे पाठवावीत. मेलेल्या माशांचे तारीख-वेळ दिसणारे फोटो ज्यांच्या मोबाइलमध्ये असतील त्यांनी ते पुसू नयेत, सरांकडे द्यावेत. हिशेब दसऱ्याच्या सभेत वाचला जाईल.

आपला नम्र,
सचिव, समितीकरिता