क्लोरीनची गोळी जिआर्डियाला पुरत नाही

महोदय,
पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आले की घरोघरी क्लोरीनची गोळी टाकून लोक निर्धास्त होतात. बॅक्टेरियासाठी ते ठीक आहे, जिआर्डियासाठी नाही. आठ कशाभिकांनी (चाबकासारख्या बारीक शेपट्यांनी) पोहणारा हा एकपेशीय जीव चकतीसारख्या भागाने लहान आतड्याच्या अस्तराला चिकटतो. शरीराबाहेर पडण्याआधी तो जाड कवचाचा कोष करतो. थंड पाण्यात हा कोष कित्येक आठवडे टिकतो, नेहमीच्या क्लोरीनला दाद देत नाही आणि जेमतेम दहा कोषांनीही जुलाब सुरू होऊ शकतात. म्हणून पाणी गाळून, खळखळून उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट उकळावे.

रुग्णाच्या शौचाच्या तपासणीतली ढिलाईही खटकते. शौचातून कोष रोज पडत नाहीत; त्यामुळे एकच नमुना निगेटिव्ह आला म्हणून विषय संपवू नये, एक दिवसाआड तीन नमुने द्यावेत. पातळ शौच असेल तर नमुना लगेच, अर्ध्या तासाच्या आत सलाईनच्या (मिठाच्या पाण्याच्या) थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. गळणाऱ्या पानासारखा गिरक्या घेणारा जिआर्डिया तेव्हाच दिसतो. आयोडीनने कोष स्पष्ट दिसतात, पण हालचाल थांबते. दोन्ही स्लाइड हव्यातच.

– सूक्ष्मजीवशास्त्राचे दोन शिक्षक, नाशिक